प्रकल्प नोंदी : मालदांडी ज्वारीत शेवटपर्यंत हिरवं पान

रब्बी हंगाम. ठिकाणं दोन : सोलापूरजवळचं संशोधन प्रक्षेत्र (मध्यम जमीन) आणि मंगळवेढ्याचं शेतकऱ्याचं रान (भारी जमीन).

26 ऑगस्ट

बियाण्याची यादी आज पक्की केली. तुलनेला तीन वाण : मालदांडी 35-1, फुले वसुधा, फुले अनुराधा. त्यांच्या जोडीला आमच्या चार ओळी, म्हणजे संकरातून निवडत आणलेलं, अजून वाण न झालेलं बियाणं. या ओळींत मालदांडीवर स्टे-ग्रीन, म्हणजे पाणी तुटल्यावरही पान हिरवं राहण्याचा गुण उतरवला आहे. यादीत त्यांचे नंबर 3, 7, 11 आणि 14. पुढच्या सगळ्या नोंदींत हेच नंबर चालतील.

प्रकल्पात दोन नवीन मुलं आली आहेत, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. मालदांडी 35-1 ही 1930 च्या दशकात मोहोळला स्थानिक मालदांडीतून निवडलेली. तिच्यानंतर कितीतरी वाण आले, पण सोलापूरच्या शेतकऱ्याने तिला सोडलेलं नाही. टपोरा पांढरा दाणा, चवीची भाकरी, उंच आणि गोड कडबा, असं तिन्ही एकत्र फार कमी वाणांत मिळतं. तिची ओढाताण होते ती शेवटच्या महिन्यात. रब्बी ज्वारी पावसाळा सरताना पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर काढायची, हा आपल्याकडचा रिवाज. फुलोऱ्यानंतर तो ओलावा संपला की पानं खालून वर करपत जातात, दाणा पोचट राहतो आणि ताटं लोळतात.

स्टे-ग्रीनचा उगम इथिओपियातल्या दुर्रा गटाच्या ज्वारीत आहे. तिच्यापासून टेक्सासमध्ये बी 35 ही ओळ तयार झाली. पाणी तुटल्यावरही या ओळीची वरची पानं हिरवी राहतात. त्यामागे गुणसूत्रांवरच्या चार जागा मुख्य मानल्या जातात : एसटीजी 1 आणि 2 तिसऱ्या गुणसूत्रावर, एसटीजी 3 दुसऱ्यावर, एसटीजी 4 पाचव्यावर. बी 35 मात्र बुटकी आहे, जशीच्या तशी आपल्या रानात उपयोगाची नाही. म्हणून तिचा मालदांडीशी संकर केला आणि पुढची प्रत्येक पिढी पुन्हा मालदांडीशीच जोडली. असे चार बॅकक्रॉस झाले की हिशोबाने जवळपास 97 टक्के मालदांडी परत येते. हवी ती जागा हातातून निसटली नाही ना, हे दर पिढीला कोवळ्या पानाच्या डीएनएवर मार्कर (ती जागा ओळखायची खूण) लावून तपासायचं. 2009 मध्ये ज्वारीचा संपूर्ण जीनोम प्रसिद्ध झाला, त्यामुळे हे मार्कर शोधणं आता खूप सोपं झालं आहे.

3 मध्ये एसटीजी 1 आहे, 7 मध्ये एसटीजी 3, 14 मध्ये एसटीजी 4. 11 मध्ये 1 आणि 2 दोन्ही.

यंदा उत्तर शोधायचं ते एकाच प्रश्नाचं : फुलोरा येईपर्यंत कोणती ओळ जमिनीत पाणी शिल्लक ठेवते, आणि ते पाणी वाचवताना शेतकऱ्याचा कडबा तर कमी करत नाही ना?

9 सप्टेंबर

दोन्ही ठिकाणी ऑगरने (मातीच्या गिरमिटाने) मातीचे नमुने काढले. 15 सेंटिमीटरचा एकेक थर, अॅल्युमिनियमच्या डब्यांत. ओलं वजन रानातच घेतलं, मग 105 अंशांवर 24 तास ओव्हनमध्ये. पद्धत जुनी आहे, वेळखाऊ आहे, पण माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावरच.

प्रक्षेत्रावर 60 सेंटिमीटरखाली मुरूम लागतो. मंगळवेढ्याला एक मीटर खाली जाऊनही काळी माती संपत नाही. अशा भारी जमिनीत मीटरभर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण 150 ते 200 मिलिमीटर पाणी मावतं. मुलांना हिशोब करून दाखवला : हेक्टरभर रानात 10 मिलिमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर. थेंबाथेंबाने वाचलेलं पाणी शेवटी केवढं होतं, हे त्या आकड्यावरून एकदम कळतं.

मंगळवेढ्याचं रान ज्यांचं, त्या तात्यांनी जुलैतच बळीराम नांगराने सारे (वरंब्यांमधले लांब पट्टे) पाडून 3.60 बाय 3.60 मीटरचे वाफे बांधून ठेवले होते. पावसाचं पाणी वाफ्यात अडलं आणि जागेवरच मुरलं. वाण कुठलाही असो, ही तयारी नसेल तर त्याला वाचवायला पाणीच नाही. प्रयोगाच्या अहवालात बियाण्याला चार पानं मिळतात आणि मशागतीला दोन ओळी. मला हे कधीच पटलेलं नाही.

21 सप्टेंबर

प्रक्षेत्रावर पेरणी झाली. चार रेप्लिकेशन (त्याच मांडणीच्या पुनरावृत्त्या), प्रत्येक प्लॉटमध्ये पेरणीच्या सहा ओळी, दोन ओळींत 45 सेंटिमीटर, दोन ताटांत 15. अर्धे प्लॉट पूर्ण कोरडवाहू. उरलेल्या अर्ध्यांना पोटरीत (कणीस अजून पानाच्या वेष्टनात असताना) आणि फुलोऱ्यात एकेक पाणी द्यायचं, म्हणजे पाणी मिळाल्यावर ओळ मागे पडते का हेही कळेल.

बीजप्रक्रिया : काणी येऊ नये म्हणून किलोला 4 ग्रॅम 300 मेश गंधक, खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम, शेवटी अॅझोटोबॅक्टर. खत पेरणीलाच दिलं, दोन चाड्याच्या पाभरीने, बी आणि खत वेगवेगळ्या चाड्यांतून.

29 सप्टेंबर

हस्ताच्या पहिल्या सरी झाल्या, रान वाफशावर आलं आणि मंगळवेढ्याची पेरणी आज उरकली. 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा रब्बी ज्वारीचा काळ. त्याआधी पेरलं तर खोडमाशी उठते, उशीर केला तर ओल निघून जाते. तात्या म्हणाले, "मॅडम, आमच्या वडिलांनी हस्त कधी चुकवला नाही."

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडून लोकांना जगवलं, ते हेच गाव. त्या कोठारातलं धान्य ज्या रानातून येत होतं, तिथे ज्वारीवर प्रयोग करायला मिळतो याचं मला मोल वाटतं.

12 ऑक्टोबर

प्रक्षेत्रावर खोडमाशीची मोजणी. उगवण होऊन दोन आठवडे झाले.

सकाळी दव असतानाच रानात जायचं. पान हळूच उलटं करायचं, मधल्या शिरेला समांतर एकच लांबट पांढरं अंडं दिसतं, तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक. अळी बाहेर पडली की दवाच्या ओलीवरून सरकत पोंग्यात (मधल्या पानांच्या सुरळीत) शिरते आणि वाढीचा कोंबच कुरतडते. मधलं पान वाळतं, धरून ओढलं की अलगद हातात येतं आणि त्याच्या बुडाला कुजका वास येतो. हीच पोंगेमर. प्रत्येक प्लॉटमधल्या पेरणीच्या मधल्या चार ओळींत एकूण ताटं आणि पोंगेमर झालेली ताटं मोजली. आठवड्याने पुन्हा मोजायची.

मालदांडीच्या रोपाचं कोवळं पान चकाकतं. त्यावर मेणाचा थर कमी असतो आणि अशा रोपांवर माशी अंडी कमी घालते. पानाच्या खालच्या बाजूची बारीक लवही अंडी घालू देत नाही. मुलांना सोपी चाचणी दाखवली : फवाऱ्याने पाणी मारलं की चकाकणाऱ्या पानावर थेंब धरून राहतात आणि मेणचट पानावरून घरंगळून जातात. 3, 7 आणि 11 वर थेंब राहिले. 14 वर बरेचसे घसरले आणि त्याच ओळीत पोंगेमर उघड जास्त आहे. मालदांडीकडे परत फिरताना 14 मध्ये हा गुण पूर्णपणे आलेला दिसत नाही. हिरवेपणासाठी निवड करताना रोपावस्थेतला हा गुण हातातून जाऊ देता कामा नये. कोरडवाहू शेतकऱ्याला रोपावस्थेतच फवारणीचा खर्च पडला तर पुढच्या हिरव्या पानाचं कौतुक त्याला कशाला वाटेल?

19 ऑक्टोबर

दुसरी मोजणी केली. क्रम बदलला नाही. विरळणी उरकली. फटीच्या कोळप्याने पहिली कोळपणी झाली. पोंग्यात अमेरिकन लष्करी अळीही चार-दोन ताटांवर सापडली. 2018 मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हापासून मक्यासोबत ज्वारीचे पोंगेही तपासावे लागतात. सध्या धोक्याच्या पातळीच्या खूप खाली आहे.

6 नोव्हेंबर

दिवाळी आटोपून सगळे परत आले. दुसरी कोळपणी सुट्टीआधीच झाली होती.

आज मुख्य काम फुटवे आणि पानांची मापं घेण्याचं. फरक डोळ्यांना दिसायला लागला आहे. मालदांडीच्या बऱ्याच ताटांना बुडातून एखादा फुटवा आहे. 11 मध्ये फुटवे जवळपास नाहीतच आणि पानंही अरुंद. 3 आणि 7 मध्ये फुटवे कमी आहेत, पण पानाची रुंदी मालदांडीच्या जवळ जाणारी.

स्टे-ग्रीन म्हणजे पानातलं हरितद्रव्य टिकवून धरणारा काही खास गुण, असा माझाही सुरुवातीच्या अभ्यासात समज होता. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या संशोधकांनी या चार जागांवर वर्षानुवर्षं काम केलं आणि दाखवलं की खरी गोष्ट पोटरीच्या आधीच घडते. या जागा असलेली ताटं फुटवे कमी काढतात, पानांचा पसारा आटोपशीर ठेवतात, त्यामुळे फुलोऱ्याआधी पाणी कमी उपसलं जातं. तेच पाणी दाणा भरताना कामाला येतं आणि म्हणून पान हिरवं राहतं. शेवटी दिसणारा हिरवेपणा हा आधीच्या काटकसरीचा परिणाम.

आपल्याकडच्या पिकाला हे चपखल बसतं, कारण रब्बीत पेरणीनंतर पावसाची फारशी आशा नसते. जमिनीत जेवढं आहे तेवढंच. वरून पाऊस येत राहणाऱ्या भागात अशी काटकसर उलट नुकसानीची ठरेल.

17 नोव्हेंबर

मातीचे नमुने. वरच्या 30 सेंटिमीटरमध्ये सगळे प्लॉट सारखेच कोरडे. फरक आहे तो 45 ते 60 सेंटिमीटरच्या थरात : 11 खाली सगळ्यात जास्त ओल, त्यानंतर 7 आणि 3. वसुधाखाली सगळ्यात कमी, पण वसुधा भारी जमिनीसाठीचा वाण आहे, मध्यम जमिनीत तिच्याकडून वेगळी अपेक्षा नव्हती. हलक्या जमिनीसाठी असलेली अनुराधा लवकर पोटरीत येते आहे. ती टंचाईशी झुंजत बसत नाही, टंचाई यायच्या आत आपलं आटपते. त्याची किंमत ती कडब्यात मोजते.

मंगळवेढ्याला भेगा पडायला लागल्या. काळी माती सुकताना आकसते, ओळींच्या मधोमध उभी फाट पडते. एका भेगेत लोखंडी पट्टी घातली तर वीतभर खोल सहज गेली. कडेला तुटलेली पांढरी मुळं लोंबत होती. अशा भेगेतून खालच्या थराचं पाणी थेट हवेत जातं आणि मुळं तुटतात ते वेगळंच. तात्यांनी बैल जुंपले आणि दातेरी कोळपं चालवलं. मागे भेगा बुजलेल्या आणि वर भुसभुशीत मातीचा थर. तासाभराने हात घातला तर त्या थराखालची माती गार लागत होती.

सोलापूरला 1933 पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालू आहे. सारे, वाफे, कोळपणी यांतलं बरंचसं ज्ञान त्या काळापासून चालत आलेलं. आम्ही गुणसूत्राच्या एका तुकड्यातून जेवढं पाणी वाचवू पाहतो, तेवढं कदाचित एक वेळेवरची कोळपणीही वाचवत असेल. दोन्ही एकत्र आलं तर काय होतं, ते मंगळवेढ्याच्या प्लॉटमध्ये दिसणार आहे. माझं सगळ्यात जास्त लक्ष तिकडेच आहे.

28 नोव्हेंबर

पोटरी अवस्था. पाण्याच्या प्लॉटना पहिलं पाणी दिलं.

दुपारी दोनला इन्फ्रारेड थर्मामीटरने पानांच्या छत्राचं तापमान घेतलं. कोरडवाहूत मालदांडीचं छत्र 7 च्या छत्रापेक्षा तापलेलं. पान पाणी सोडतं तोवर गार राहतं, रंध्रं मिटली की तापतं. म्हणजे मालदांडीची टंचाई सुरू झाली आणि 7 ला अजून पाणी मिळतंय. हे दुपारचं मोजमाप ढगाळ दिवशी घेऊन उपयोग नाही. आज आभाळ स्वच्छ होतं, वाराही पडलेला.

पानांमागे थोडा मावा आहे. पान हाताला चिकट लागतं. ढालकिडे भरपूर दिसले, म्हणून फवारणी करायची नाही असं ठरवलं.

8 डिसेंबर

फुलोरा. कणसाच्या शेंड्यापासून सुरू होऊन खाली उतरत चार-सहा दिवसांत पूर्ण होतो. पहाटे गेलं की पिवळे परागकोष लोंबताना दिसतात, ऊन चढलं की सुकलेले. आमच्या ओळींच्या निवडक कणसांना आधीच कागदी पिशव्या चढवल्या आहेत, म्हणजे पुढच्या पेरणीचं बी शुद्ध राहील.

रात्री गारठा चांगलाच. रब्बीत संकरित वाण खरिपासारखे का पसरले नाहीत, या मुलांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. फुलोऱ्याच्या वेळी रात्रीचं तापमान खूप उतरलं की बऱ्याच संकरित वाणांत दाणे नीट धरत नाहीत, कणीस मधूनमधून रिकामं राहतं. शिवाय मालदांडीसारखा दाणा त्यांच्यात क्वचितच. सीएसएच 15 आर, 19 आर असे रब्बीचे संकरित वाण आले, पण शेतकरी सरळ वाणावरच राहिला. त्याला घरचं बी पुढच्या वर्षी वापरता येतं, हे कारणही लहान नाही. आमचं कामही म्हणूनच सरळ वाणातच आहे.

फुलोऱ्याच्या तारखा : अनुराधा सगळ्यांच्या आधी. 3 आणि 7 मालदांडीच्या जोडीने. ही तारीख फार महत्त्वाची, कारण ओळ लवकर फुलली असती तर तिचा हिरवेपणा नुसत्या लवकर येण्यामुळे आहे की पाण्याच्या काटकसरीमुळे, हे वेगळं काढता आलं नसतं.

18 डिसेंबर

फुलोरा येऊन आठवडा-दहा दिवस झाले. खडखड्याच्या (खोड आतून कुजवणाऱ्या बुरशीच्या रोगाच्या) चाचणीसाठी टोचणी केली. बुरशी वाढवलेल्या दात कोरायच्या काड्या तयार होत्या. ताटाच्या बुडाकडून दुसऱ्या कांड्याला दाभणाने तिरपं भोक पाडायचं, काडी आत सरकवायची. प्रत्येक ओळीची ठरावीक ताटं, सगळी कोरडवाहू भागातलीच. ही मॅक्रोफोमिना बुरशी जमिनीत असतेच. ताट दमदार असेपर्यंत ती काही करत नाही. दाणा भरताना पाणी तुटलं की ताट खोडातला साठा कणसाकडे पाठवतं, खोड दुबळं होतं आणि तेव्हा ती आत शिरते.

30 डिसेंबर

वेळ अमावस्या, रानात जाऊन पिकाची पूजा करायचा सण. तात्यांकडे जेवायला बोलावलं होतं, सगळे गेलो. रानात कडब्याची कोप, आत पाच पांडव, पूजा झाली, मग आंबील आणि भज्जी. सगळ्यांना वाढून झाल्यावर काकू आमच्या प्लॉटच्या कडेने एक फेरी मारून आल्या. 11 पाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "हिरवी आहे गं, पण अंगाने बारीक. एवढ्याशा ताटावर म्हैस काय खाणार?"

मापं घेण्याआधीच त्यांनी निकाल सांगितला. 11 चं ताट खरंच बारीक आहे आणि उंचीही कमी. कोरडवाहू शेतकऱ्याचा कडबा हा जोडधंदा नव्हे, उन्हाळ्यात जनावर दावणीला ठेवायचं की बाजारात न्यायचं हे कडब्यावर ठरतं. दुष्काळात कडब्याचा भाव दाण्याच्या भावाशी बरोबरी करू लागतो. पाणी वाचवणारी ओळ निवडताना जैवभाराची (ताट-पानांच्या एकूण वजनाची) मर्यादा आम्ही आधी ठरवली होती, पण ती मर्यादा किती खरी आहे ते आज रानात उभं राहून कळलं. 11 आता पुढे जाणार नाही, असं मला वाटतं. अंतिम निर्णय काढणीनंतर.

15 जानेवारी

काल संक्रांत. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा जत्रा भरली आहे, त्यामुळे मजूर निम्मेच. तरी हिरव्या पानांची मोजणी उरकली.

प्रत्येक प्लॉटमधली दहा ताटं, प्रत्येकाची किती पानं अजून निम्म्याहून जास्त हिरवी आहेत ते मोजायचं. वरून तिसऱ्या पानावर स्पॅड मीटर (पानाचा हिरवेपणा मोजायचं यंत्र). कोरडवाहूत मालदांडीची वरची दोन-तीन पानंच जिवंत. 7 ची त्याहून दोन जास्त, 3 मध्ये एखादं जास्त. 14 मध्ये फरक दिसत नाही. पाण्याच्या प्लॉटमध्ये सगळ्या जवळजवळ सारख्या, जसं असायला हवं तसं. टंचाई नसेल तर हा गुण लपूनच राहतो. म्हणून बागायतीच्या चाचणीत अशी ओळ निवडायला गेलं तर ती नजरेतून सुटेल.

45 ते 60 सेंटिमीटरच्या थरात आता सगळीकडेच ओल सरली आहे. नोव्हेंबरमध्ये 7 खाली जे जास्तीचं पाणी होतं, ते तिने या महिन्यात वापरलं. मला हवं होतं ते हेच : पाणी शिल्लक राहून वाया गेलं नाही, दाण्यात गेलं.

दाणा हुरड्याच्या पुढे गेला. चिमण्यांचा उपद्रव वाढला. दोन्ही ठिकाणी राखण आहे, मंगळवेढ्याला गोफण चालू आहे.

24 जानेवारी

टोचलेली ताटं कापून उभी चिरली. पहिलंच मालदांडीचं : भोकापासून वर आणि खाली गाभा विरलेला, आत फक्त धागे उरलेले आणि त्या धाग्यांवर काळी बारीक कणी. बोटाने पुसली तर बोट काळं होतं. किती कांडी ओलांडली ते मोजायचं. मालदांडीत बऱ्याच ताटांत रोगाने एकाहून जास्त कांडी पार केली होती. 7 मध्ये बहुतेक ठिकाणी टोचलेल्या कांड्यातच अडला, वरच्या कांड्याचा गाभा पांढरा आणि ओलसर. 3 मध्ये निकाल संमिश्र.

हिरवी पानं असलेल्या ताटाला खोडातला साठा ओरबाडावा लागत नाही आणि खोड शाबूत राहतं, हा संबंध आधीपासून माहीत आहे. पण चिरलेल्या ताटात तो डोळ्यांनी बघताना वेगळाच विश्वास येतो. मुलांनी फोटो काढले आहेत, प्रत्येक फोटोत प्लॉटची पाटी दिसते याची खात्री केली.

अनुराधाच्या दाण्याच्या बुडाला काळा ठिपका आला, म्हणजे ती पक्व झाली. तिची काढणी याच आठवड्यात.

3 फेब्रुवारी

मंगळवेढ्याची काढणी. इथे ज्वारी उपटून काढतात. भारी रानात उपटायला कंबरडं मोडतं, तळहात सोलवटतात. म्हणूनच मजूर मिळत नाहीत आणि मजूर नाहीत म्हणून लोक ज्वारी सोडून दुसरीकडे वळतात. रब्बी ज्वारीचं क्षेत्र घटण्याची कारणं सांगताना ऊस, हरभरा, बाजारभाव हे सगळे बोलतात. उपटणाऱ्या हातांबद्दल कमी बोललं जातं. नुसतं पाणी वाचवून ज्वारी टिकणार नाही, तिची काढणीही सोपी व्हायला हवी. लोळत नाही अशी, एका उंचीची ताटं यंत्राने कापता येतात. म्हणून न लोळण्याच्या गुणाचा उपयोग दाण्यापुरता धरून चालणार नाही, आणि पुढच्या प्रस्तावात मी हे लिहिणार आहे.

प्लॉटनिहाय पेंढ्या बांधल्या, पाट्या लावल्या. सगळं खळ्यावर.

12 फेब्रुवारी

वजनं झाली. सविस्तर तक्ते वेगळ्या फाइलमध्ये आहेत, इथे फक्त चित्र.

प्रक्षेत्रावर कोरडवाहूत दाण्याच्या उत्पादनात 7 सगळ्यांच्या पुढे. हजार दाण्यांचं वजनही तिचंच जास्त, म्हणजे वाढ दाण्यांच्या संख्येतून कमी आणि भरण्यातून जास्त आली. 3 मालदांडीच्या किंचित वर, पण रेप्लिकेशनमधला फरक पाहता ते निश्चित म्हणता येत नाही. 14 मागे. 11 चा दाणा चांगला भरलेला, कडबा मात्र सगळ्यांत कमी. पाणी दिलेल्या भागात मालदांडी आणि 7 बरोबरीत.

मंगळवेढ्याला चित्र वेगळं. वाफे, वेळेवर कोळपणी आणि मीटरभर माती, यामुळे मालदांडीलाही टंचाई उशिरा लागली. 7 तिथेही मागे पडली नाही, पण आघाडी लहान. वसुधा तिथे सगळ्यांच्या वर. भारी रानात वसुधाला हटवायचं कारण नाही. 7 ची जागा मध्यम जमिनीत आहे, जिथे दाणा भरतानाच पाणी तुटतं.

कडबा : 7 चा मालदांडीपेक्षा थोडा कमी, पण पानं हिरवी असताना वाळलेला. त्यात पानांचं प्रमाण जास्त आहे. पचनीयतेसाठी नमुने दळून प्रयोगशाळेत पाठवले. मालदांडी आणि 7 ची एकेक पेंढी तात्यांच्या गोठ्यात शेजारी शेजारी टाकली. म्हशीने 7 ची पानं आधी ओढली. हा काही आकडा नाही, पण नोंद करून ठेवते.

16 फेब्रुवारी

भाकरीची चाचणी. मालदांडी, वसुधा, 3 आणि 7 चं पीठ एकाच गिरणीत दळलं, प्रत्येकाआधी गिरणी झाडून घेतली. प्रक्षेत्रावर काम करणाऱ्या बायांना पुड्यांवर फक्त अक्षरं दिली, वाण सांगितले नाहीत. पीठ पाणी किती घेतं, मळताना चिकटपणा येतो का, थापताना कड चिरते का, तव्यावर फुगते का, पापुद्रा सुटतो का, आणि संध्याकाळपर्यंत मऊ राहते का, हे सगळं त्या सांगत गेल्या, आम्ही लिहीत गेलो.

3 ची कड थापताना चिरली. दोघींनी वेगवेगळ्या वेळी हेच सांगितलं. 7 आणि मालदांडीत त्यांना फरक करता आला नाही. एकीने 7 ची भाकरी मोडून, वास घेऊन सांगितलं की ही घरची मालदांडी आहे. या प्रकल्पात मिळालेला सगळ्यात मोठा दिलासा तो. बी 35 चा तुकडा आत असूनही भाकरी मालदांडीचीच राहिली.

20 फेब्रुवारी

गटाची बैठक झाली. निर्णय :

14 बंद. 11 पिकाच्या रानात जाणार नाही, पण तिचं बी शीतगृहात ठेवायचं, कारण एसटीजी 1 आणि 2 एकत्र असलेली तीच एक ओळ आहे. 3 चा पुन्हा मालदांडीशी एक बॅकक्रॉस आणि या वेळी दाण्याच्या गुणधर्मावरही लक्ष. 7 येत्या रब्बीत मोठ्या प्लॉटमध्ये, मध्यम जमिनीच्या आणखी गावांत, मालदांडी आणि फुले सुचित्रा यांच्या शेजारी. प्रत्येक ठिकाणी निम्मा प्लॉट वाफे पाडलेला, निम्मा सपाट, म्हणजे मशागतीचा वाटा आणि बियाण्याचा वाटा वेगवेगळा मोजता येईल.

पिशवीतल्या कणसांचं 7 चं बी आज वेगळं झोडपलं, उन्हात वाळवून डब्यात भरलं. त्यातलं थोडं तात्यांनी मागून घेतलं आहे. मोकळ्या रानाच्या कडेला चार ओळी टाकायच्या आणि वाफे जूनमध्येच पाडायचे, असं त्यांचं ठरलंय. मातीचे पहिले नमुने त्याच आठवड्यात घ्यायचे आहेत, डब्या धुऊन ठेवल्या.